एका टोपड्याचा जागतिक पुरवठा

७ जानेवारी, सकाळी ६
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात, असं ऐकून आहे.

काल कोर्सला नाव घातलं. डिप्लोमा इन ग्लोबल लॉजिस्टिक्स अँड सप्लाय चेन मॅनेजमेंट. ऑनलाइन. पंख्यांच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळता सांभाळता केस पांढरे झाले. माल मोजायचा, ट्रकमध्ये भरायचा, ट्रकवाल्याशी भांडायचं. याला सप्लाय चेन म्हणतात हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर गेल्या महिन्यात ती नवी मॅनेजर बाहेरून आणावी लागली नसती. तिशीची पोर. मला काका म्हणते.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून एक लेक्चर. परीक्षा मेमध्ये. पहिला नंबर येईलच, पण गवगवा करायचा नाही.

८ जानेवारी, सकाळी ८.१०
पाचचा गजर झाला. बंद केला. झोप ही मेंदूची इन्व्हेंटरी आहे, ती संपवून चालत नाही. उद्यापासून साडेपाच.

११ जानेवारी
लेकीचा फोन. ती आणि जावई सातासमुद्रापार, थंड देशात. गोड बातमी! मेच्या मध्यावर. मी आजोबा होणार. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ही आधीच रडत होती, म्हणून आवरलं. एकाच कामावर दोन माणसं कशाला?

लेक म्हणाली, आई, मला बाकी काही नको, तू फक्त बाळाच्या आधी पोच. आणि तुझ्या हातचं एक टोपडं आण. मग म्हणाली, बाबा, तूही ये हं.

जावई म्हणाले, तिकिटं मी इकडून काढतो. मी म्हणालो, छे, घरात या विषयातला माणूस बसलेला असताना? जबाबदारी माझी. जावई काही बोलले नाहीत. बहुधा प्रभावित झाले असावेत.

मी जाणार नाही. परीक्षा आहे. शिवाय कुणीतरी मागे राहून कंट्रोल टॉवर सांभाळावा लागतो. हे हिला सांगितलं. ही म्हणाली, कसला टॉवर?

१९ जानेवारी
हिने टोपडं विणायला घेतलं. लिंबाच्या रंगाची लोकर, मऊसूत.

मला मात्र काळजी. एकच टोपडं, एकच विणणारी! हिचं मनगट दुखलं तर? सुई मोडली तर? याला सिंगल सोर्सिंग म्हणतात, आणि त्यात भल्याभल्या कंपन्या बुडाल्या आहेत. ताबडतोब ताईला फोन. ताई माझी मोठी बहीण, दुसऱ्या गावी असते, विणकामाच्या क्लासला जाते. गरज एकाची. एक हरवेल, एक आटेल, एक हाताशी असावं, म्हणून चार सांगितली.

लेक्चर्स: आजवर दोन. पण दोन्ही अगदी मन लावून.

६ फेब्रुवारी
आज एकदम सहावा धडा उघडला. मधले तीन सोपे वाटले.

धड्याचं नाव बुलव्हिप इफेक्ट. व्हिप म्हणजे आसूड. मूठ जरा हलली की टोक केवढं तरी उसळतं, तसं. गिऱ्हाईक एक साबण जास्त मागतं. दुकानदार म्हणतो, असू देत, दोन मागवू. घाऊक व्यापारी म्हणतो, मागणी वाढली, पाच मागवू. कारखानदार रात्रपाळी लावतो. शेवटी गोदामं ओसंडून वाहतात आणि साबण कुणालाच नको असतो.

मोठ्याने हसलो. काय एकेक बावळट लोक धंद्यात असतात! धडा अर्ध्यावर सोडला. आपल्याला लागू नाही.

हिने विचारलं, तिकिटाचं काय झालं? तिला पोस्टपोनमेंट स्ट्रॅटेजी समजावली. निर्णय जितका उशिरा, तितकी माहिती जास्त. ही म्हणाली, आपल्या लग्नातही तुम्ही उशिराच आला होतात. हे विषयाला सोडून होतं.

२१ फेब्रुवारी
ताईचा फोन. पुरवठा जोरात. तिने म्हणे क्लासमध्ये चारच्या जागी दहा सांगितली, कारण बायका हौसेने घेतात आणि निम्म्या अर्धवट टाकतात. क्लासच्या बाईंना ते ऐकून वाटलं काहीतरी मोठं काम दिसतंय, त्यांनी दुपारच्या वर्गालाही कामाला लावलं. ताईने विचारलं, जुळं तर नाही ना? मी म्हणालो, तशी माहिती नाही, पण कशालाच नाही म्हणू नये.

यालाच नेटवर्क म्हणतात. कारखान्यातल्या साहेबांना सांगायला हवं.

१२ मार्च
पहिलं खोकं आलं. हिने टोपडी एकेक करून सोफ्यावर मांडली. मग म्हणाली, अहो, बाळाला डोकं एकच असणार.

मी योजना उलगडली. हिची बॅग अर्धी रिकामी घेऊन विमानाने उडणं हा या शास्त्रात गुन्हा आहे. सगळा माल एकत्र करायचा, बॅग काठोकाठ भरायची, मगच माणूस पाठवायचं. याला कन्सॉलिडेशन म्हणतात. ताईचं शेवटचं खोकं आलं की हिचं तिकीट.

ही म्हणाली, बाळ बॅग भरायची वाट बघत थांबत नसतं. वाक्य चांगलं आहे, पण अशास्त्रीय.

मेव्हणा आला होता. हिचा धाकटा भाऊ, दोन गल्ल्या सोडून राहतो. कशालाही दात काढतो. विचारत होता, भावजी, माझ्या ताईलाही कुरियरनेच पाठवणार का? दुर्जनांशी वाद घालू नये.

३० मार्च
पहाटे पाचला उठलो! (पाणी प्यायला.)

एप्रिलपासून कडक वेळापत्रक. भिंतीवर तक्ता लावला: हिरवं म्हणजे झालं, लाल म्हणजे राहिलं. लाल पेन संपलं.

सोफ्यावर बसायला जागा नाही. आणखी तीन खोकी आली. गुलाबी, निळी, पट्ट्यापट्ट्यांची, गोंड्याची, कानांची. एकाला शिंगंसुद्धा आहेत. ताई म्हणाली, ते एका नवीन बाईचं आहे, तिचं मन मोडवेना.

संध्याकाळी लेक्चर चालू असताना ही चार मेबद्दल काहीतरी सांगत होती. कानात हेडफोन. मान डोलावली. गॅसवाल्याचं असावं.

१० एप्रिल
खोकी कारखान्याच्या स्टोअरमध्ये नेली. घर मोकळं, स्टोअरमध्ये जागा पडूनच होती. वेअरहाऊसिंग. ही खुश. म्हणजे खुश झाली असती, पण कपडे धूत होती.

१७ एप्रिल
छोटासा गैरसमज झाला. गावाबाहेरच्या डीलरने पंख्यांचे रेग्युलेटर मागवले होते. त्याला एक खोकं गेलं, ते आपलं. त्याने फोन करून विचारलं, ही कुठल्या मॉडेलला बसवायची?

चूक माझी नाही. खोकी सारखी दिसतात ही पॅकेजिंग खात्याची चूक आहे. नवी मॅनेजर स्वतः स्टोअरमध्ये आली. उघड्या खोक्यातलं शिंगांचं टोपडं उचलून तिने उलटसुलट करून पाहिलं. मग विचारलं, काका, घरी सगळं ठीक आहे ना? म्हणालो, फार उत्तम. ती म्हणाली, रजा हवी असेल तर सांगा, बरीच शिल्लक आहे तुमची. केवढी माणुसकी! तरी या मुलीला विषयाची जाण कमीच.

साहेब मात्र ओरडले. संध्याकाळी खोकी परत घरी. याला रिटर्न्स म्हणतात, नवव्या धड्यात आहे.

२५ एप्रिल
हिचं टोपडं पूर्ण. लिंबाच्या रंगाचं, साधं, कडेला एक वेल. हिने ते पर्समध्ये ठेवलं, बॅगेत नाही. म्हणाली, बॅग हरवते, पर्स हातात असते.

हिने बॅगही भरायला घेतली आहे. तिकीट नसताना ही घाई कशासाठी? तरी तपासणी केली. निम्मी बॅग नको त्या गोष्टींची. एका कोपऱ्यात उरलेल्या लोकरीचा अर्धा गुंडा सापडला. तयार माल निघून गेल्यावर कच्चा माल कशाला वाहायचा? काढला आणि एका खोक्यात टाकला. त्या जागेत डझनभर टोपडी बसली! जागेचा वापर शंभर टक्के. मी स्वतःवरच खुश झालो.

ही कमरेवर हात ठेवून बघत होती. मूक संमती.

१ मे
आढावा. परीक्षा: चार तारखेला, सकाळी नऊ ते बारा. अभ्यास: बावीस धड्यांपैकी महत्त्वाचे सगळे झाले. महत्त्वाचे चार होते. तिकीट: परीक्षा झाली की त्याच संध्याकाळी काढणार. बाळ मध्यावर, आपल्या हाताशी दहा दिवस. याला स्लॅक म्हणतात.

सगळं काबूत आहे. हिने विचारलं, अहो, तुम्हाला खरंच ठाऊक आहे ना? म्हणालो, मला सगळं ठाऊक आहे.

४ मे, दुपारी २
परीक्षा झाली. त्याबद्दल आधी लिहितो.

परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर. डोकं इकडेतिकडे वळवलं की वॉर्निंग. खोलीत दुसरं माणूस दिसलं की वॉर्निंग. तीन झाल्या की बाद. आतल्या खोलीत बसलो, सोफ्यावरची खोकी मागे रचली, म्हणजे पार्श्वभूमी व्यावसायिक दिसते. दहा वाजता दार वाजलं. ही आत आली. अहो, म्हणाली, निघते मी. पडद्यावर लाल अक्षरं: दुसरी व्यक्ती. मी मान न वळवता हातानेच जा जा म्हणून खूण केली. ही जराशी थांबली. पुन्हा लाल अक्षरं. पुन्हा खूण केली. मग दार लागलं. बाजारात निघाली असेल असं वाटलं.

शेवटचा प्रश्न: बुलव्हिप इफेक्ट म्हणजे काय, आणि आपल्या स्वतःच्या अनुभवातलं उदाहरण द्या. मी लिहिलं, हा इफेक्ट अडाणी दुकानदारांमध्ये आढळतो. माझ्या अनुभवात असं कधीही घडलेलं नाही.

बाहेर आलो तर मेव्हणा एकटाच चहा पीत बसलेला. विचारलं, तुझी ताई कुठे? म्हणाला, विमानात. आत्ताच सोडून आलो.

जावयांनी हिचं आणि माझं, दोन्ही तिकिटं जानेवारीतच काढली होती. त्याच दिवशी, माझा फोन ठेवल्यावर. हिने मला मार्चमध्ये सांगितलं होतं. एप्रिलमध्ये सांगितलं होतं. परवाही सांगितलं होतं. मेव्हणा म्हणाला, भावजी, तुम्ही प्रत्येक वेळी मान डोलावलीत म्हणे. ही त्याला असंही म्हणाली, परीक्षेचं मनाला फार लावून घेतलंय, असू दे, डिस्टर्ब नको करायला.

या वेळी मेव्हणा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

४ मे, संध्याकाळी
ती निघते म्हणाली आणि मी वळून बघितलंसुद्धा नाही. नेसली कुठली साडी होती तेही मला सांगता येणार नाही.

६ मे
ही सुखरूप पोचली. म्हणजे वेळेवर. अर्थात मूळ आराखडा माझाच होता, अंमलबजावणी इतरांनी केली इतकंच.

फोनवर हिला परीक्षेबद्दल सांगितलं. ही म्हणाली, छान. मग म्हणाली, बॅग उघडली. चार तारखेचं बोलायचं होतं, पण मागे लेक पाय सुजल्याचं काहीतरी सांगत होती. राहिलं.

भात करपला. डाळ केलीच नाही.

९ मे
नात! आठवडाभर लवकर आली. ही जवळ होती. लेकीचा हात हिच्या हातात होता, असं जावई म्हणाले. जावई फोनवरच नाक शिंकरत होते. या वेळी मीही रडलो. घरात दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे डुप्लिकेशनचा प्रश्न आला नाही.

माझ्या हिशेबाने तिकीट काढलं असतं तर ही आज कुठल्यातरी विमानतळावर डझनभर टोपडी घेऊन बसली असती. हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं.

१२ मे
फोटो आला. नात गोरीगोमटी, नाक हिचं. डोकं उघडं. विचारलं, टोपडं का नाही? ही म्हणाली, एकही बसत नाही. डोकं तुमच्यावर गेलंय. मोठ्ठं.

ताईची ती डझनभर टोपडीही बसली नाहीत. शिंगांचं तर कानांपर्यंतसुद्धा आलं नाही. हिचं लिंबाच्या रंगाचंही कपाळावर अडकतंय.

जरा अभिमान वाटला. आमच्या घराण्यात डोकं पहिल्यापासून मोठं.

१३ मे
खोक्यांचा निकाल लावला. कोपऱ्यावरच्या प्रसूतिगृहाला सगळी देऊन टाकली, एका टेम्पोत. तिथल्या सिस्टर हरखून गेल्या. घरी येऊन रिकाम्या सोफ्यावर बसलो. फार मोठा वाटला.

ताईला कळवलं की आता पुरे. ताई म्हणाली, अरे, मुलगी झाल्याचं ऐकून क्लासने नव्याने घेतली आहेत, फुलाफुलांची.

१५ मे
दोन बातम्या.

एक: निकाल. नापास. शेवटच्या प्रश्नाला शून्य. तपासणाऱ्याने शेरा मारला आहे, की उत्तर आत्मविश्वासपूर्ण आहे. शेऱ्यातला चांगला भाग लक्षात ठेवायचा.

दोन: हिचा फोन. तिने ते टोपडं उसवलंय. मोठं करून पुन्हा विणणार आहे. लोकर कमी पडते आणि तसा रंग तिकडे मिळत नाही. म्हणाली, बॅगेत अर्धा गुंडा ठेवलेला, तो तुम्ही काढलात ना? तेवढा घेऊन या. मी म्हणालो, कुरियर करतो, पाच पर्याय आहेत, तुलना करून सांगतो. ही म्हणाली, अहो, तुमचं तिकीट जावयांनी फक्त पुढे ढकललंय. अठरा तारखेला आहे. आता मान डोलावू नका, तोंडाने हो म्हणा.

तोंडाने हो म्हणालो. नंतर आठवलं, गुंडा कुठल्या खोक्यात होता ते.

१६ मे
प्रसूतिगृह. सिस्टरना गुंड्याचं सांगितलं. त्यांनी वॉर्डच्या काचेपाशी उभं केलं आणि शोधायला गेल्या. आत ओळीने पाळणे. प्रत्येक डोक्यावर टोपडं. पट्ट्यांचं, गोंड्याचं, कानांचं. शिंगांचं मात्र कुणाला घातलं नव्हतं; ते तर हिच्या बॅगेतून तिकडे गेलं.

शेजारी उभे असलेले एक गृहस्थ काचेवर बोट ठेवून म्हणाले, ते आमचं. तुमचं कुठलं?

म्हणालो, आमचं इथे नाही. आमचं लांब आहे. इतके महिने मी त्याला लीड टाइम, म्हणजे माल पोचायला लागणारा वेळ, म्हणत होतो. लांब हा शब्द आज पहिल्यांदा तोंडातून निघाला.

सिस्टर आल्या. टेबलाच्या खणात ठेवला होता त्यांनी, कुणाचा तरी असेल म्हणून. एवढासा अर्धा गुंडा. मुठीत मावला.

१७ मे
मॅनेजरकडे रजा मागितली. अर्ज पुरता वाचायच्या आधीच सही. वर विचारलं, काका, पॅकिंग कुणी करून देतंय का? मी म्हणालो, एकच वस्तू आहे. तिला पहिल्यांदा माझ्याबद्दल आदर वाटलेला दिसला.

ताईचा फोन. फुलाफुलांची निघाली आहेत. थांबवता येणार नाहीत. मेव्हण्याला खोकी उतरवून घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, कंट्रोल टॉवर आता माझ्याकडे का?

गुंडा शर्टच्या खिशात. बॅग हरवते.

२० मे
पोचलो. मनात ठरवलं होतं की दारातच चार तारखेचं बोलायचं. विमानात वाक्यं जुळवली होती. पण दारात जावई बॅग घ्यायला, लेक मिठी मारायला, आणि ही म्हणाली, आधी हात धुवा.

नातीला मांडीवर दिलं. डोकं खरंच मोठं आहे. तिने एक डोळा उघडून माझी तपासणी केली आणि पुन्हा मिटला. मी पास की नापास, कळलं नाही.

मग हिने मला स्टुलावर बसवलं. उसवलेली लोकर वेडीवाकडी झाली होती, ती धुऊन वाळवलेली. माझे दोन्ही हात पुढे ताठ धरायला लावले, त्यांवर ती लोकर गुंडाळली आणि समोर बसून त्या अर्ध्या गुंड्यावर गुंडाळून घेऊ लागली. जागतिक पुरवठा साखळीत मला अखेर पद मिळालं: खुंटी. रोजनिशीही तेवढा वेळ बाजूला ठेवावी लागली, हे आत्ता सगळं उरकल्यावर लिहितोय.

लोकर हातांवरून सरकत होती. ही अगदी समोर होती. मी म्हणालो, त्या दिवशी तू निघालीस तेव्हा मी वळून बघितलं नाही. माझं चुकलं. फार चुकलं.

हिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, निळी साडी होती. हात खाली पाडू नका.